चाकणमध्ये थिजणं मोजताना

चाकणला कुणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. परत आल्यावर रत्नागिरीच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, "काय मॅडम, कसं झालं पुणं?" मी म्हटलं, "छान." त्यापुढे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण आठ दिवस काही पाहून आलेल्या माणसाच्या पोटात ते राहत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, आई मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून घरात मीच बोलते आणि मीच ऐकते. एका संशोधनासाठी आठ दिवस मदतीला कुणी बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.

काम असं होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या, अठरा ते पंचवीस वयाच्या मुली. त्या प्रसंगात पुष्कळजणींचं अंग आपोआप थिजतं. हात उचलत नाही, पाय हलत नाही, किंचाळावंसं वाटतं पण आवाज फुटत नाही. हे कुणी ठरवून करत नाही, आणि ठरवून थांबवताही येत नाही. शरीर मालकिणीला न विचारता परस्पर ब्रेक मारतं. हे थिजणं किती होतं आणि नंतर अंगात किती टिकतं, ते मोजायचं. केंद्र चाकणला होतं, कारण गाव सोडून, खोली करून, कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या मुली त्या बाजूला खूप.

आता दुसरी गोष्ट, जी मी अर्जात लिहिली नव्हती. माझी धाकटी बहीण नंदा वाकडला राहते. ती एकोणीस वर्षांची असताना एका संध्याकाळी तिने तिच्यावर काय गुदरलं ते मला सांगितलं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मानसशास्त्राचं सुवर्णपदक नुकतंच कपाटात लावलेलं. मी तिला विचारलं, "मग ओरडलीस का नाहीस?"

त्यानंतर नंदा माझ्याशी बोलते, पण लग्नात लांबच्या पाहुण्यांशी बोलतात तशी. आई गेली तेव्हा आम्ही तेरा दिवस एका घरात होतो आणि तेरा दिवस भांड्याकुंड्यांबद्दलच बोललो. मला तो प्रश्न मागे घ्यायचा होता. तेवीस वर्षांत ते जमलं नव्हतं, आणि याही खेपेला जमेल असं काही माझं मन सांगत नव्हतं.

काळेवाडी, रविवार

नशिबाचा खट्याळपणा बघा. रत्नागिरीहून निघालेल्या बसने मला उतरवलं ते नेमकं वाकडच्या पुलाजवळ. समोर वीस-वीस मजल्यांच्या इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेले टॉवेल, आणि त्यातल्याच एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर नंदा. आदल्या दिवशी मी तिला मेसेज केला होता, "आठ दिवस कामासाठी येते आहे. काळेवाडीत उतरणार." तिचं उत्तर आलं होतं, "बरं." त्या "बरं"कडे मी बसमध्ये किती वेळा पाहिलं याला गणती नाही.

"कुठं जायचं ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

"काळेवाडी," मी म्हटलं, आणि बॅग मांडीवर घेऊन बसले.

काळेवाडीत शीलाताईंच्या घरी वरची खोली घेतली होती. त्यांचे यजमान तीस वर्षं कंपनीत होते, ती कंपनी आता नाही आणि यजमानही नाहीत. मुलगा आयटीत लागून बाणेरला गेला. घराच्या दारावर पंचशील झेंड्याच्या रंगांचं तोरण, आत शिसवी कपाटावर बुद्धमूर्ती, आणि तिच्यासमोर इतकी स्वच्छता की मी चप्पल दोनदा पाहून काढली.

"जय भीम, या," शीलाताई म्हणाल्या.

"नमस्कार," मी म्हटलं. आमच्या गल्लीत सगळे नमस्कारच म्हणतात. दुसरं काही म्हणायची वेळ मला सेहेचाळीस वर्षांत आली नव्हती. हे लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी आधी "जय भीम" म्हटलं. त्या दिवशी शीलाताईंच्या चहात आलं जास्त होतं.

चाकण, सोमवार

सकाळी सहापासून काळेवाडीच्या प्रत्येक नाक्यावर माणसं उभी असतात, पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, कंपनीच्या बसची वाट बघत. आमच्याकडे बसची वाट बघणारी माणसं एकमेकांची चौकशी करतात, पार आजोळपर्यंत जातात. इथे सगळे मोबाईलकडे बघत गप्प. मला आधी वाटलं माणूसघाणे आहेत. नंतर कळलं, निम्मे रात्रपाळी करून दुसरीकडे ओव्हरटाइमला निघालेले असतात.

मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की रस्ता ट्रेलरचा होतो. एकेका ट्रेलरवर सात-आठ नव्याकोऱ्या गाड्या, अजून नंबरही न मिळालेल्या. मध्येच एखादा कांद्याचा ट्रॅक्टर, आणि त्याच्यामागे अडकलेली सगळी जागतिक अर्थव्यवस्था.

केंद्र म्हणजे एका दवाखान्यावरच्या दोन खोल्या. तिथली समुपदेशक रोहिणी, तिशीतली, जवळच्याच गावातली. शिक्षणाआधी दोन वर्षं तिने कारखान्यात काम केलेलं. खिडकीतून तिने मला एक लांबलचक निळी शेड दाखवली. "ती शेड हाय ना मॅडम, तिथं आमचा कांदा व्हायचा. आता भाऊ त्याच कंपनीची बस चालवतो." हे तिने दुःखाने सांगितलं की अभिमानाने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोजायचं यंत्र म्हणजे पाटाएवढी एक फळी. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. उभं माणूस कधी पुरतं स्थिर नसतं, किंचित डोलतच असतं. ते डोलणं फळी टिपते आणि संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते. समोरच्या दुसऱ्या पडद्यावर साधी चित्रं दिसतात, मध्येच एक रागीट चेहरा. त्या वेळी अंग थिजलं तर डोलणं कमी होतं आणि रेघ सपाट होते. नंतर बारा प्रश्नांचा कागद. काय घडलं, कुणी केलं, हे आम्ही विचारायचंच नाही. वाटेल तेव्हा मुलीने उठून जावं आणि रोहिणीने सोबत जावं, असा नियम.

पहिल्या दिवशी मुली यायच्या आधी मी स्वतः फळीवर उभी राहिले. पडद्यावर सह्याद्री उमटला. मला काही भूकंपाचा आजार नाही. पुन्हा उभी राहिले, पुन्हा सह्याद्री. मी फळी उलटीपालटी केली, तारा काढून लावल्या, हे संशोधन ज्यांचं होतं त्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी इंग्रजीत बरंच सांगितलं. रोहिणी दारात उभी राहून पाहत होती.

"मॅडम, फळी न्हाई बिघडली," ती शेवटी म्हणाली. "रस्ता हालतोय. ट्रेलर जातात ना खालून."

"मग करायचं काय?"

"दहाला चौक तुंबतो. साडेअकरापर्यंत कुणी जागचं हालत न्हाई. तेव्हा मोजू."

आणि खरंच, दहा वाजता चौकात ट्रेलर, बस, रिक्षा एकमेकांत अडकून पडले आणि आमची रेघ सरळ झाली. बाकी चाकण हॉर्न वाजवून शिव्या घालत होतं तेव्हा आम्ही तिघीचौघी वर आनंदात होतो. संध्याकाळी पुन्हा साडेपाच ते सात. आमचं वेळापत्रक ट्रॅफिक पोलिसाच्या हातात गेलं.

चाकण, बुधवार

रोहिणीने डब्यात मासवडी आणली. मी रत्नागिरीची, नाव ऐकूनच मांडी घालून बसले. बेसनाची वडी, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, वर झणझणीत रस्सा, आणि मासा औषधालाही नाही. माझा चेहरा पाहून रोहिणी इतकी हसली की तिला ठसका लागला. वडी मात्र अशी होती की मी तिसरी मागून घेतली.

मोजण्याच्या वेळी माझी जागा एका कापडी पडद्यामागे, मुलीला मी दिसणार नाही अशी. मला फक्त रेघ दिसायची. एक मुलगी रागीट चेहरा पाहून फिसकन हसली, म्हणाली, "ह्यो तर आमच्या सुपरवायझरचा भाऊ." तिची रेघ नाचली. दुसरीची रेघ चेहरा येताच सपाट झाली, काही सेकंद, पाटीवर पट्टी ठेवून ओढल्यासारखी. बाहेरून पाहिलं तर ती मुलगी नुसती उभी होती. कुणीही म्हटलं असतं, काही झालं नाही तिला.

मला ती रेघ बघवेना. मी पुस्तकातून हे दहा वर्षं शिकवते, परीक्षेत सहा मार्कांना विचारते. नंदा त्या संध्याकाळी पडवीत माझ्यासमोर बसली होती आणि तीही अशीच नुसती बसलेली दिसत होती.

खोलीवर परतताना काळेवाडीच्या बाजारातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. हिरव्या मिरच्या घेतल्या, ज्यांचा मला काही उपयोग नव्हता. फोनवर नंदाचं नाव काढलं, ठेवलं, काढलं. तिथून वाकड जेमतेम वीस मिनिटं. मुंबईपासून रत्नागिरीइतकं लांब वाटत होतं.

शीलाताईंनी त्या दिवशी मला खाली जेवायला बोलावलं. मी रत्नागिरीची म्हणून त्यांनी मुद्दाम पिंपरीच्या बाजारातून सुकट आणली होती, कांदा-टोमॅटो घालून परतली होती. आमच्याकडे सुकट खायची ती पावसाळ्यात, दर्यात होड्या जात नाहीत तेव्हा. फेब्रुवारीत कुणी खात नाही. पण आई गेल्यापासून माझ्यासाठी म्हणून कुणी काही शिजवलं नव्हतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि डोळ्यांना पाणी आलं त्याचं खापर तिखटावर फोडलं.

"इथं कुणी नाही का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"बहीण आहे. वाकडला."

शीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ताटात आणखी भात वाढला.

चाकण, शुक्रवार

सुमन (हे तिचं खरं नाव नाही) परभणीकडची, बावीस वर्षांची, गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या लाईनवर काम करणारी. फळीवर ती शांतपणे उभी राहिली. मग कागद घेऊन कोपऱ्यात बसली आणि दहा मिनिटांत भरून दिला. एवढा व्यवस्थित कागद आठवड्यात कुणी दिला नव्हता. अक्षर मोत्यासारखं.

आमच्या कागदात प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते सहा अशा चौकटी होत्या आणि ओळीच्या शेवटी "शेरा" असा एक रकाना, आमच्या वापरासाठी. तो मुलींनी मोकळा सोडायचा हे वेगळं सांगायची गरज मला वाटली नव्हती. "मला हालता येत नव्हतं" याच्यापुढे सुमनने सहावर खूण केली होती. "ओरडायचं होतं पण आवाज निघाला नाही," सहा. आणि बाराही ओळींच्या शेऱ्यात एकच शब्द लिहिला होता: "ऑपरेटर". खाली सही.

मला काही कळेना. रोहिणीने कागद पाहिला आणि ती खाली बसली.

"मॅडम, हिनं लाईन बंदचं शीट भरलंय," ती हळूच म्हणाली.

सुमनला वाटलं तिचं काही चुकलं. ती घाईने उठली. "काय राहिलं का मॅडम?"

"नाही गं. हे ऑपरेटर म्हणजे?"

"लाईन थांबली की लिहावं लागतंय ना. किती मिनिटं थांबली, कशामुळं थांबली. रकाना मोकळा सोडला की शीट वापस येतंय."

"पण ऑपरेटरच का?"

"मशीन लिहिलं की मेंटेनन्सवाले भांडायला येतेत. मटेरियल लिहिलं की स्टोअरवाले." तिने बोटांनी ओढणीचं टोक सरळ केलं. "ऑपरेटर लिहिलं की कुणीच येत नाही."

ऑपरेटर म्हणजे ती स्वतः. मी घसा खाकरला आणि माझं भाषण सुरू केलं: शरीर आपोआप थिजतं, त्यात तुझा दोष नाही, शास्त्राने हे सिद्ध केलेलं आहे. सुमन दर वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. माझे विद्यार्थीही तसंच म्हणतात आणि पेपरात भलतंच लिहितात.

रोहिणी तिच्याशेजारी जाऊन बसली. "काय गं, लाईट गेली आन् लाईन थांबली, तर कुणाचं नाव लिहिता तुमी?"

"कुणाचंच नाही."

"मग मोकळं सोडता?"

"नाही. वरून खालपर्यंत तिरकी रेघ मारायची आन् लिहायचं, लाईट गेली. मग कुणाची सही पण लागत नाही."

"व्हय ना?" रोहिणीने पेन तिच्यापुढे धरलं. "मग मार की रेघ."

सुमनने पेन घेतलं नाही लगेच. खाली चौक तुंबलेला होता, कुणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होतं. मग तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि बाराही "ऑपरेटर" कापत एक रेघ ओढली, पट्टी न घेता, पण सरळ. त्यावर लिहिलं: लाईट गेली. मग आपली सही पाहिली आणि तीही खोडली. नंतर ती रडली, बराच वेळ, रोहिणीच्या खांद्यावर. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. तो घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्राध्यापक फोनवर म्हणाले, खाडाखोड झालेला कागद बाद धरावा लागेल. मी म्हटलं, मी तो बाकीच्यांबरोबर पाठवते आहे, बाद तुम्ही तुमच्या हाताने करा. इतक्या उद्धटपणे मी आयुष्यात कुणाशी बोललेले नाही.

परतीच्या शेअर रिक्षात मी दोन पोत्यांच्या मध्ये बसले होते आणि मला धडधडीत दिसत होतं, नंदाच्या शेऱ्यात "ऑपरेटर" लिहिणारी मी होते. माझ्यामागून आईने लिहिलं असेल, नंदाने स्वतः लिहिलं असेल, पण पहिलं अक्षर माझं. आणि नंतर तेवीस वर्षं कुणी भांडायला आलं नाही, म्हणून मी समजत होते की मिटलं. रिक्षातच मेसेज लिहिला, "रविवारी घरी आहेस का?" भोसरी येईपर्यंत दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर शनिवारी दुपारी आलं. "हो."

वाकड, रविवार

आमच्याकडे पाहुणा आला की बेड्यातूनच, म्हणजे अंगणाच्या फाटकातूनच, हाक मारतो आणि पाठोपाठ ओटीवर येऊन बसतो. वाकडला तसं नाही. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने माझा फोटो काढला, फोन नंबर घेतला आणि विचारलं, "काम काय?"

"काम नाही. बहिणीकडे आलेय."

त्याने मला मोबाईल दाखवला. त्यात पर्याय होते: डिलिव्हरी, कॅब, घरकाम, गेस्ट. "ह्यातलं सांगा."

"गेस्ट," मी म्हटलं.

"मॅडमनी अप्रूव्ह केलं की सोडतो."

मी फाटकाबाहेर उभी राहिले. पिझ्झावाला आत गेला, पाण्याचा जारवाला आत गेला, एक कुत्रं घेऊन बाई बाहेर आल्या. हातातल्या पिशवीत कोकमं आणि आंबोशी होती, घरून निघतानाच बांधून आणलेली आणि आठ दिवस कॉटखाली ठेवलेली. तिने नाही म्हटलं तर मी ती रक्षकाला देणार होते. तेवढ्यात मोबाईल वाजला आणि तो म्हणाला, "जावा मावशी."

नंदाने दार उघडलं. केस पुढून पांढरे झालेले, आईसारखे. नवरा आणि मुलगी बाहेर गेले होते. मला वाटतं तिनेच पाठवलं होतं. पिशवी घेतली, कोकमांचा वास घेतला, पाणी दिलं. मग समोर बसली.

मी पाठ केलं होतं, पण ते सगळं विसरले. फळी कशी असते, रेघ कशी सपाट होते, चौक तुंबला की आम्ही कसं मोजतो, सुमन, लाईट गेली, असं जे सुचेल ते सांगत सुटले. नंदा ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "मी तुला तेव्हा जे विचारलं ना, ते मला विचारायला नको होतं. चुकलं माझं. फार चुकलं, नंदा."

तिने कोकमांची पिशवी टेबलावर बाजूला सारली. मग म्हणाली, "ताई, तुला वाटतं मी त्या प्रश्नाचा राग धरला?"

"मग?"

"तो प्रश्न सगळेच विचारतात. मी स्वतःलाही विचारला होता. तू विचारलंस आणि आत कुकरची शिट्टी झाली. तू उठून गेलीस. मी बसले होते पडवीत. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, चल, पानं घेतली आहेत."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तेवीस वर्षं मी एका वाक्याबद्दल झुरत होते आणि कुकर माझ्या खिजगणतीतही नव्हता.

"मी सांगणार होते गो," नंदा म्हणाली. "मला तेव्हा सांगता आलं असतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो दिला नाही, पण मागेही घेतला नाही, टेबलावर तसाच ठेवला.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. त्याच शब्दांत."

"तसं विचारायचं नसतं, नंदा. आम्हाला शिकवतात की..."

"मला माहितीय. तरी विचार."

हाच प्रश्न कुठल्याही मुलीला विचारायचा नाही, हा आठ दिवस आमचा नियम होता. पण समोर नंदा होती, आणि तिला तोच हवा होता.

"मग ओरडलीस का नाहीस?" मी विचारलं.

नंदा सांगू लागली. तिने काय सांगितलं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. मध्ये दोनदा दाराची बेल वाजली, आतल्या खोलीत फोन वाजून वाजून थांबला. मी जागेवरून उठले नाही.